लाभपाचमेच्या आत

डभोईच्या जिनिंगवाल्यांचं वर्ष लाभपाचमेला सुरू होतं. दिवाळीत बंद झालेल्या पेढ्या त्या दिवशी उघडतात, काट्याची पूजा होते आणि नव्या कापसाची पहिली ट्रॉली काट्यावर चढते. 2017 साली लाभपाचम 25 ऑक्टोबरला आली होती. त्या वर्षी मार्चमध्ये बडोद्याच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीने डभोईतल्या एका जिनिंग कारखान्याचं काम घेतलं. कारखान्याच्या शेठनी आग्रहाने एक ओळ करारात घालून घेतली होती : लाभपाचमेला शेतकऱ्याची पावती संगणकातून निघाली पाहिजे. तारीख हलणार नव्हती, रक्कमही ठरली तेवढीच. काम नक्की किती, ते मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं. 1 जुलैपासून जीएसटी यायचा होता आणि त्याचे नियम अजून घडत होते.

प्रोजेक्टची जबाबदारी माझ्याकडे आली, आणि पहिल्याच बैठकीत ऑफिसात दोन तट पडले. आमच्या ज्येष्ठ भागीदारांची उमेदीची वर्षं कारखान्यांच्या उभारणीत गेलेली. आधी सगळं लिहून घ्या, सही घ्या, मग बांधा, ही त्यांची शिस्त. टीममधली मुलं स्क्रमवर वाढलेली. दोन आठवड्यांचा स्प्रिंट, शेवटी डेमो, क्लायंट काय म्हणतो ते बघून पुढचं ठरवायचं. भागीदार म्हणाले, "अशानं दिवाळी येईल आणि तुम्ही अजून डेमोच देत असाल." मुलं म्हणाली, "तुम्ही चार महिने लिहीत बसाल आणि जुलैत सगळं खोटं ठरेल." मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांनाही डभोईत घेऊन जाणं मला भाग होतं.

मी कामांची यादी केली आणि प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहिला : हे नंतर बदलायचं झालं तर काय उकरावं लागेल?

उत्तरांप्रमाणे यादीचे दोन रकाने पडले. पहिल्यातल्या काही कामांसाठी खरोखरच जमीन उकरावी लागणार होती. वजनकाट्याच्या इंडिकेटरमधून आकडा संगणकात यायला हवा होता. त्याला जुन्या पद्धतीचा आरएस-232 पोर्ट होता, आणि त्या तारेवर पंधरा मीटरच्या पुढे भरवसा ठेवता येत नाही. पेढी तर अंगणाच्या पार पलीकडच्या टोकाला. म्हणजे एकतर काट्याशेजारच्या केबिनमध्ये संगणक ठेवायचा, किंवा कन्व्हर्टर लावून आरएस-485 ची तार जमिनीखालून पाइपातून न्यायची. ती हजार मीटरच्याही पुढे चालते. मधून दिवसभर भरलेल्या ट्रॉल्या आणि ट्रक जाणार, तेव्हा चर खोल हवा. माती काळी. एकदा पाऊस पडला की ती फुगते, चिकटते, चर खणलेल्या जागी ट्रकचं चाक रुतून बसतं. त्यामुळे चर जूनच्या आधी बुजला पाहिजे आणि संगणक कुठे बसणार हे एप्रिल संपायच्या आत ठरलं पाहिजे. इथे "बघू, पुढच्या स्प्रिंटमध्ये" चालत नाही. इंडिकेटरला वजनमापे खात्याची मोहर होती. तो उघडायचाच नाही, बाहेर येणारा आकडा तेवढा वाचायचा, हेही तेव्हाच कागदावर आलं. नकाशा, तारखा, तपासणी, सह्या, सगळं भागीदारांच्या पद्धतीने झालं. डेटाबेसचा पायाही मी याच रकान्यात ठेवला, कारण हजारो पावत्या एका साच्यात बसल्यावर तो साचा बदलणं म्हणजे भर हंगामात पेढी बंद ठेवणं.

उरलेलं सगळं मुलांच्या ताब्यात दिलं : पेढीचा हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींना पडद्यावर काय दिसेल, कुठल्या क्रमाने, ओलाव्याची कपात कशी धरायची, पावतीची भाषा, दिवसअखेरचे हिशेब, कराचे दर. इथे दर दुसऱ्या शनिवारी पेढीवर डेमो.

शेठना ही वाटणी समजावताना मला गावाच्या रेल्वेचा आधार मिळाला. बडोद्याच्या खंडेराव महाराजांनी 1862 मध्ये डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले. भारतातली ती पहिली नॅरोगेज. रूळ इतके हलके होते की इंजिनाचा भार त्यांना पेलेना, गाड्या बैल ओढायचे. 1873 मध्ये जड रूळ टाकून मार्ग नव्याने बांधला, पण दोन रुळांमधलं अंतर अडीच फूटच राहिलं. शेठ म्हणाले, "एटले गेज आत्ता ठरवायचा, रूळ नंतर बदलता येतील." ते ज्या गावात वाढले तिथे ब्रॉडगेज येताना गेज बदलणं म्हणजे काय असतं ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. फलाटापासून पुलापर्यंत सगळ्यालाच हात लावावा लागतो. त्या दिवसापासून पेढीवर आमच्या दोन रकान्यांची नावं गेज आणि रूळ अशीच पडली.

करारही त्याच बेताने लिहिला. गेजच्या कामांचे पैसे टप्प्याटप्प्याने, काम तपासून. रुळांच्या कामांची एकूण रक्कम पक्की, यादी मात्र मोकळी : शेठ नवं काम घालू शकतील, पण तेवढ्याच मापाचं जुनं काम बाहेर काढून. गेजला हात लावायचा तर शेठ आणि आमचे भागीदार दोघांनी समोरासमोर बसून वहीत सही करायची. ही वही मला सगळ्या सॉफ्टवेअरहून मोलाची वाटते. दोन पद्धती एकत्र केल्या असं सांगणारे पुष्कळ प्रोजेक्ट मी पाहिले आहेत. बहुतेकांत गँट चार्टच्या पट्ट्यांना स्प्रिंट असं नाव दिलेलं असतं, डेमो होतात, टाळ्या पडतात आणि क्लायंटच्या म्हणण्याने एक ओळही हलत नाही, कारण करारात ती हलायला जागाच ठेवलेली नसते. त्यात माणसांचे कष्ट वाया जातात, आणि ते पाहून मला वाईट वाटतं.

वहीची परीक्षा जुलैत झाली. कापूस नसलेला महिना, त्यामुळे डेमोला खरी ट्रॉली नव्हती. मी मेहताजींना गेल्या वर्षीच्या कच्च्या चिठ्ठ्या आणायला सांगितलं होतं. सुतळीने बांधलेला गठ्ठा त्यांनी गादीवर सोडला, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकेक चिठ्ठी पडद्यावर भरायला लागले. भरलं वजन, रिकामं वजन, वजाबाकी, वीस किलोच्या मणाचा भाव, रक्कम. भराभर चाललं होतं. मग एका चिठ्ठीवर त्यांचं बोट थांबलं. तिच्यावर वजन एक होतं आणि भाव दोन.

"मेहताजी, हे काय?"

"आ तो रोजनुं छे, बेन," ते म्हणाले. ट्रॉलीत वर पांढरा कापूस, खाली पिवळा पडलेला किंवा ओला. खाली करताना ढीग वेगळे पडतात. ते पुन्हा काट्यावर चढवत नाहीत, हमाली परवडत नाही. शेठ, शेतकरी आणि ग्रेडर ढिगाकडे बघून ठरवतात, तीन भाग चांगला, एक भाग हलका. शेतकऱ्याने मान हलवली की तोच हिशेब.

मार्च-एप्रिलमध्ये आम्ही तासन्‌तास विचारून लिहून घेतलं होतं, त्यात हे कुठेच आलं नव्हतं. रोजचं असल्यामुळे ते सांगण्यासारखं आहे असं मेहताजींना वाटलंच नसतं. चिठ्ठी हातात आणि पडदा समोर असल्याशिवाय ते बाहेर येणार नव्हतं. सह्या झालेल्या पायात मात्र एका ट्रॉलीला एकच भाव होता.

भागीदार डभोईत आले. वही उघडली. एक ट्रॉली, तिच्याखाली हवे तेवढे ढीग, प्रत्येक ढिगाला त्याचा वाटा आणि भाव, असा पाया बदलायचा ठरला. बदल्यात गाठींच्या साठ्याचा, शेठना मोबाइलवर बघायचा होता तो तक्ता यादीतून काढायचा. शेठना तो तक्ता मनापासून हवा होता. ते गप्प बसले. मेहताजी एवढंच म्हणाले, "ढीग नसतील तर मी चिठ्ठीच लिहीन, शेठ." शेठनी सही केली. भागीदारांनी सही करताना टीममधल्या सर्वांत धाकट्या मुलाला जवळ बसवून नव्या पायाची तपासणी कशी करायची ते समजावलं. दोन तट मिटले ते त्या दुपारी.

विन्स्टन रॉइस यांनी 1970 मध्ये एकाखाली एक उतरणाऱ्या टप्प्यांचं जे चित्र काढलं, त्यालाच पुढे वॉटरफॉल म्हणू लागले; आमच्या भागीदारांची शिस्त ती हीच. त्याच निबंधात त्यांनी असं एका दमात काम करणं धोक्याचं आहे असंही लिहिलं होतं आणि आधी एक छोटी प्रत बांधून बघा असा सल्ला दिला होता. 2001 च्या फेब्रुवारीत युटामध्ये जमलेल्या 17 जणांनी अजाइलचा, म्हणजे मुलांच्या स्क्रमच्या घराण्याचा, जाहीरनामा काढला, त्यातही आराखड्याला मोल आहे हे मान्य केलेलंच आहे. मूळ कागद वाचले तर दोन्ही घराणी एकमेकांच्या फार जवळची दिसतात. बॅरी बोहेम आणि रिचर्ड टर्नर यांनी या दोहोंच्या समतोलावर पुस्तकच लिहिलं. धोका कुठे आहे ते बघून पद्धत निवडा, हा त्यांचा सांगावा. गुजरातच्या काळ्या मातीत आम्हाला तो पटला.

सप्टेंबरमध्ये आणखी एक अडचण आली. काट्यापासून पेढीपर्यंतची पूर्ण चाचणी 17 तारखेच्या रविवारी ठेवली होती. त्याच दिवशी सरदार सरोवराचं लोकार्पण आणि डभोईत पंतप्रधानांची सभा ठरली. चाचणी आठवडाभर पुढे गेली. गेजच्या तारखांत मोकळे दिवस राखून ठेवले होते, म्हणून कुणाचा जीव वरखाली झाला नाही.

लाभपाचमेला पहिली पावती निघाली. दोन ढिगांची होती. शेतकऱ्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि खिशात घातली.

तीन आठवडे होतात तोच 15 नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कच्च्या कापसावरचा जीएसटी खरेदीदाराने भरायचा असा नियम लागू झाला. म्हणजे कारखान्याने स्वतःच्याच नावाने बीजक काढायचं, ऐन आवकेत, काट्यापुढे ट्रॉल्यांची रांग असताना. कराचे दर आणि बीजकाचा नमुना रुळांच्या रकान्यात होते, पायाला हात लावावा लागला नाही. त्या स्प्रिंटमधली बाकीची सगळी कामं मुलांनी मेहताजींना विचारून बाजूला ठेवली. पुढे 15 एप्रिल 2018 पासून गुजरातेत राज्यातल्या राज्यात ई-वे बिल आलं, तेही असंच सामावलं गेलं. हंगाम तोवर सरत आला होता.

मोबाइलवरचा तक्ता त्या वर्षी झाला नाही. मे महिन्यात मेहताजींनी पुढच्या हंगामाची यादी पाठवली. तक्ता त्यात तिसऱ्या ओळीवर होता, पुढे कंसात "रूळ" असं लिहिलेलं. पहिल्या ओळीवर दुसरा वजनकाटा होता, आणि त्याच्या चराची तारीख त्यांनी पाऊस धरून आधीच घालून ठेवली होती.