दाभोळ, तुझ्या नावानं

लोरेन्सो, तू चौलच्या खाडीत मेलास. मार्च १५०८. मिसरच्या ममलूक सुलतानाच्या आरमाराशी झुंज झाली होती, मागोमाग दीवच्या मलिक अयाझची गलबतं आत शिरली होती, आणि तुझ्या कप्तानांनी ठरवलं की आता समुद्राकडे निसटायचं. बाकीची जहाजं पुढे गेली. तुझं मागे राहिलं. कोळ्यांनी मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत ते अडकलं, तळातून पाणी शिरू लागलं, ओढून न्यायला आलेल्या जहाजाचा दोर तुटला. होडी तयार होती. उतर म्हणून लोक विनवत होते. तू उतरला नाहीस. एका गोळ्यानं पाय फोडला, तेव्हा तू स्वतःला डोलकाठीच्या बुंध्याशी बसवून घेतलंस आणि तिथूनच हुकूम देत राहिलास. दुसऱ्या गोळ्यानं सगळं संपलं. जहाजावरचे एकोणीस जण जिवंत हाती लागले. तुझा देह मात्र लागला नाही. मलिक अयाझनं तो शोधायला लावला होता, मानानं दफन करावा म्हणून. शत्रूनंही तुझ्या धैर्याची बूज राखली.

तू तिशीही गाठली नव्हतीस.

रेवदंड्याच्या बाजूनं कुंडलिकेचं तोंड पाहताना मला तुझी आठवण येते, आणि ती येते याचा संकोच वाटत नाही. तू आमच्या किनाऱ्यावर तोफा घेऊन आला होतास, हे मी विसरत नाही. पण तुला इथवर कुणी आणलं, आणि त्या होडीत पाय ठेवू नये असं तुला का वाटलं, हे कळल्यापासून तुझ्यासाठी रडावं की तुझ्या नावानं जे पुढे झालं त्यासाठी, हे दोन शोक मला वेगळे करता आलेले नाहीत.

तुझं घराणं पोर्तुगालच्या आल्मेदांचं. आजोबा लोपो द आल्मेदा हे अब्रांतिशचे पहिले काउंट. १४७६ साली त्यांना ती पदवी मिळाली. त्याच वर्षी तोरोच्या लढाईत तुझे वडील दों फ्रान्सिस्को राजाच्या बाजूनं लढले. घराण्याची जहागीर थोरल्या काकांकडे गेली. एक काका कोइंब्राचे बिशप झाले, एक क्रातोच्या धर्मवीरांचे प्रमुख. तुमच्याकडे रीतच तशी होती. जमीन वाटायची नाही, ती थोरल्याकडे अखंड राहायची. धाकट्यांनी चर्च धरायचं, नाहीतर तलवार. तुझ्या वडलांनी तलवार धरली. ग्रानादाच्या युद्धात ते कास्तीलच्या राजाराणीसाठीही लढले.

आणि ही घराणी तरी राजाला किती धार्जिणी होती? तुझ्या लहानपणीचीच गोष्ट. १४८३ साली राजा दुसऱ्या जुआंवनं देशातला सगळ्यांत मोठा उमराव, ब्रागांसाचा ड्यूक, एव्होराच्या चौकात शिरच्छेद करवून मारला. पुढच्याच वर्षी विझेवच्या ड्यूकला त्यानं स्वतःच्या हातानं भोसकलं. आल्मेदा तेव्हा राजाच्या बाजूला होते. १४९५ साली गादीवर आलेला दों मानुएल हा त्याच भोसकलेल्या ड्यूकचा धाकटा भाऊ. उमराव राजाला काय करू शकतात आणि राजा उमरावांना काय करू शकतो, हे दोन्ही त्यानं स्वतःच्या घरात पाहिलं होतं. मला वाटतं, हिंदुस्थानचा समुद्र त्याला त्यासाठीही हवा होता. मिरीचा पैसा होताच, मूरांशी धर्मयुद्ध करण्याची ओढही होती, पण या घराण्यांतल्या तलवारी मायदेशी कुरबुरत बसण्यापेक्षा दहा हजार मैलांवर राजाच्या नावानं चाललेल्या बऱ्या. आल्मेदा, आल्बुकर्क, कोतिन्यो, नोरोन्या, मेनेझिश: राजानं पदव्या द्यायच्या, घराण्यांनी मुलगे.

हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयचं पद खरं तर त्रिस्तांव द कुन्याला द्यायचं ठरलं होतं. त्याची दृष्टी अचानक गेली आणि ते तुझ्या वडलांकडे आलं. २५ मार्च १५०५ रोजी लिस्बनहून वीसेक जहाजं आणि सुमारे दीड हजार सैनिक निघाले. पन्नाशी उलटलेले वडील आणि सोबत एकुलता एक मुलगा. राजाची आज्ञा होती की किल्ले उभे केल्याशिवाय व्हाइसरॉय म्हणवून घ्यायचं नाही. वाटेत किल्वा घेतलं, मोंबासा जाळलं, कारवारसमोरच्या अंजदीव बेटावर किल्ला घातला आणि कण्णूरला पोचल्यावर दों फ्रान्सिस्कोंनी ती पदवी धारण केली. हिंदुस्थानातले पोर्तुगालचे ते पहिले व्हाइसरॉय. त्यांचं म्हणणं होतं की समुद्रावर बळ असू द्या, जमिनीवर किल्ल्यांची रांग नको. समुद्र सुटला तर किल्ले कामाचे नाहीत. विचार शहाण्या माणसाचा होता. आणि त्या समुद्रावरच्या बळाचा दांडपट्टा होतास तू.

म्हणून १५०६ सालचं दाभोळ मला सारखं आठवतं.

त्या वर्षी मार्चमध्ये कण्णूरसमोर तू कालिकतच्या सामुरीच्या भल्यामोठ्या आरमाराला हरवलं होतंस. ते आरमार येतंय ही खबर तुला वार्थेमा नावाच्या इटालियन प्रवाशानं दिली होती. तोच वार्थेमा, ज्यानं आधी चौल आणि दाभोळ ही दोन्ही बंदरं पाहिली होती आणि नदीकाठच्या दाभोळचं आपल्या प्रवासवर्णनात कौतुक केलं आहे. त्या विजयानंतर तू दाभोळच्या बाजूला होतास. कालिकतची जहाजं तिथे नदीत आहेत, कोचीच्या व्यापाऱ्यांना त्यांच्यापासून धोका आहे, असा निरोप आला. तुझ्या मनात चढाई करायची होती. कप्तानांची बैठक बसली. बहुमत पडलं की नदीच्या अरुंद तोंडात शिरू नये. तू बहुमत मानलंस आणि निघून गेलास.

एवढंच. एका तरुण सेनापतीनं अनुभवी माणसांचं ऐकलं. पण कोचीला परतल्यावर व्हाइसरॉयचा संताप झाला. माघारीचं मत देणाऱ्या कप्तानांची चौकशी लागली, त्यांना शिक्षा झाली. तू सुटलास, कारण तू मत मानलं होतंस, दिलं नव्हतंस. पण असं सुटणं मुलाच्या मनात कुठे जाऊन बसतं, हे कुठल्याही बापाच्या मुलाला विचारावं. पुढे दोन वर्षं तू त्या एका न झालेल्या लढाईचं ओझं वाहिलंस. चौलला क्षितिजावर शिडं दिसली तेव्हा तुम्हाला वाटलं होतं की तुमच्याच आल्बुकर्कची जहाजं येत आहेत. ती मिसरच्या आरमाराचा सेनापती अमीर हुसेन याची निघाली. आणि जेव्हा जहाज खांबांत अडकलं, होडी बाजूला लागली, तेव्हा तुझ्यासमोर चौलची खाडी नव्हतीच. दाभोळची होती.

हा माझा तर्क आहे, पण मी तो मनापासून धरून आहे.

बातमी कोचीला पोचली तेव्हा वडलांनी स्वतःला कोंडून घेतलं. बाहेर आले ते एकच ठरवून. पुढे दीवच्या मलिक अयाझला त्यांनी जे पत्र लिहिलं, त्यात तुझं नाव नाही. चौलला मारल्या गेलेल्या एका माणसाचा उल्लेख आहे, ज्याला आपला मुलगा म्हणत असत. नाव लिहायला हात धजला नसेल. मी ते वाचतो आणि एक क्षण त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसावंसं वाटतं.

पण तो क्षणच. कारण सामान्य बापाचं दुःख अंगणात, फार तर गावात मावतं. या बापाच्या हाताखाली राजाचं आरमार होतं.

डिसेंबर १५०८ मध्ये आल्बुकर्क कण्णूरला आला. त्याच्याकडे राजाचं पत्र होतं. मुदत संपली होती, कारभार त्याच्या हाती द्यायचा होता. व्हाइसरॉयनी तो दिला नाही. ज्या राजाच्या नावानं ते इथे सत्ता गाजवत होते, त्याचाच हुकूम त्यांनी बाजूला ठेवला. मुलाचा सूड घेतल्याशिवाय पद सोडणार नाही, असं म्हणून ते उत्तरेला निघाले. वाटेत दाभोळ लागलं.

दाभोळची माणसं चौलच्या लढाईत नव्हती. चौल निजामशाहीचं, दाभोळ विजापूरच्या आदिलशाहीचं. मिसरच्या आरमाराशी त्यांचं सूत आहे असा संशय होता, इतकंच. वाशिष्ठीच्या मुखाशी वसलेलं ते बंदर, जिथे अरबस्तानातून घोडे उतरत, जिथून मक्केचे यात्रेकरू निघत, जिथून त्याआधी काही दशकांपूर्वी रशियाचा निकितिन परतीच्या जहाजात चढला होता. वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवसांत व्हाइसरॉयची माणसं दोन्ही बाजूंनी उतरली. लढाई थोडी झाली. नंतर जे झालं ती लढाई नव्हती. बाया मारल्या. पाळण्यातली मुलं मारली. रस्त्यावरची जनावरंही सोडली नाहीत. हे कुणा वैऱ्यानं लिहिलेलं नाही, तुझ्याच देशाच्या बखरकारांनी लिहून ठेवलंय. मग गाव पेटवलं. पुढे या किनाऱ्यावर लोक शाप देताना म्हणत की दाभोळवर पडला तसा फिरंग्यांचा कोप तुझ्यावर पडो. हेही त्यांनीच नोंदवलंय.

लोरेन्सो, तुझ्या मरणाचा प्रत्येक क्षण आम्हाला माहीत आहे. कुठला पाय, कुठला दोर, होडी किती जवळ. आणि दाभोळच्या त्या आगीत गेलेल्यांतलं एक नाव नाही. एका सुताराचं नाही, एका भंडाऱ्याचं नाही, नदीवर धुणं घेऊन गेलेल्या एका बाईचं नाही. ज्या घराण्यांच्या खांद्यावर राजाची सत्ता उभी होती, त्यांच्या शोकाला लेखणी होती, घंटा होत्या, तोफा होत्या. दाभोळकडे यातलं काही नव्हतं. ज्यांनी त्यांचं सुतक पाळायचं तेही त्याच दिवशी गेले. म्हणून तुझ्यासाठी बोलायला बसलो की आधी त्यांच्यासाठी बोलावं लागतं.

आणि मला हे सहन होत नाही की ते गाव तुझ्या नावानं जळलं. जिथे तू एकदा, कुणाचं तरी ऐकून, तलवार म्यानात ठेवली होतीस.

दीवचं थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या वडलांचं जगभर नाव झालं ते त्याच दिवशी, आणि माझं मन तिथे लागत नाही. ३ फेब्रुवारी १५०९. एका दिवसात मिसर, गुजरात आणि कालिकत यांचं एकत्र आरमार मोडलं. अमीर हुसेन निसटला. मलिक अयाझनं चौलचे कैदी नीट कपडे घालून परत केले. ममलूकांची निशाणं तोमारच्या मठात टांगायला गेली. परतताना कण्णूरपाशी पकडलेल्या माणसांचे हाल करून त्यांना मारलं गेलं. या समुद्रावरची सत्ता त्या दिवशी बदलली, असं इतिहास सांगतो, आणि ते खरं आहे.

त्यानंतर घराण्याविरुद्ध घराणं. व्हाइसरॉयनी आल्बुकर्कला कण्णूरच्या किल्ल्यात ठेवलं. शेवटी पोर्तुगालचा मार्शल फेर्नांदो कोतिन्यो, आल्बुकर्कचा नातलग, नव्या जहाजांसह आला आणि नोव्हेंबर १५०९ मध्ये कारभार हस्तांतरित झाला. दोनच महिन्यांनी कोतिन्यो कालिकतला सामुरीचा वाडा लुटताना मारला गेला. पुढे १५४६ साली दीवच्या वेढ्यात गव्हर्नर जुआंव द काश्त्रो यांचा मुलगा फेर्नांदो सुरुंगाच्या स्फोटात गेला, आणि थोड्याच काळात राजानं त्या बापाला व्हाइसरॉय केलं. पुन्हा दीव, पुन्हा मुलगा, पुन्हा पदवी. देवाणघेवाण चालूच राहिली.

तुझे वडील १ डिसेंबर १५०९ रोजी निघाले. आफ्रिकेच्या टोकाशी, टेबल माउंटनच्या पायथ्याला, पाणी भरायला जहाजं थांबली. तिथल्या खोईखोई लोकांशी आधी देवघेव झाली, मग भांडण. कुणाला तरी मार बसला, आणि जहाजावरच्या तरुण उमरावांना तो अपमान सोसवेना. व्हाइसरॉयचं मन तिथे जायला राजी नव्हतं, असं म्हणतात, पण ते गेले. त्यांनाही शेवटी कप्तानांचं ऐकावंच लागलं. १ मार्च १५१०. दीडशे माणसं वस्तीवर चालून गेली, गुरं हाकली आणि मुलं उचलली.

तेव्हा ते लोक आले. त्यांच्याकडे तोफ नव्हती, लोखंडी चिलखत नव्हतं. शिकवलेली गुरं होती. शिट्टीवर ती वळत, आणि त्यांच्या आडून भाले येत. वाळूत पाय रुतलेल्या माणसांना होड्यांपर्यंत पोचता आलं नाही. साठहून अधिक पडले, त्यांत अकरा कप्तान. दों फ्रान्सिस्कोंच्या घशात भाला लागला.

दीव जिंकणाऱ्या माणसाला ज्यांनी मारलं, ते कुठल्या राजाचे सरदार नव्हते. त्यांना पदवी मिळणार नव्हती. वैर किती जुनं, हेही त्यांनी मोजलं नाही. त्यांची मुलं नेली जात होती आणि ती अजून जिवंत होती, म्हणून ते धावले.