कुरळे केस आणि विरार फास्ट

मिथिला पालकर आवडते म्हटलं की लोक विचारतात, ‘लिटल थिंग्ज’मधली ना? हो, तीच. पण मला ती आवडायला लागली ती त्याच्या थोडी आधी. २०१६ साली तिचा कपवाला व्हिडिओ फोनाफोनांतून फिरत होता. कप आपटत ताल धरायची ती पद्धत ‘पिच पर्फेक्ट’ या २०१२च्या हॉलिवूडपटामुळे जगभर पोचलेली. गाणं मात्र ‘ही चाल तुरुतुरु’. शान्ता शेळक्यांनी लिहिलेलं, जयवंत कुलकर्णींनी गायलेलं, आईला तोंडपाठ असलेलं. घरात सगळ्यांनी गाणं ऐकलं. मी केस बघत बसले.

मी तेव्हा दहावीत होते. माझे केसही तसेच, कुरळे आणि दाट. शाळेत दोन वेण्या, वर बांधलेल्या, त्याआधी चपचपीत तेल. कवितेत कुरळ्या केसांचं कौतुक असतं. घरात मात्र झिपऱ्या, टोपलं, घरटं. ‘आवर जरा’ हे वाक्य मी माझ्या नावाइतक्याच वेळा ऐकलं असेल. आणि इथे एक मराठी मुलगी ते न आवरता गात होती आणि सगळा देश तिला गोड म्हणत होता.

त्यात ती वसईची निघाली. आधी ती इथेच आईवडील आणि बहिणीसोबत राहायची, पण रोजचा प्रवास फार लांबचा पडतो म्हणून पुढे दादरला आजी-आजोबांकडे राहायला गेली. ही माहिती आमच्याकडे अभिमानाने सांगितली जाते. मला त्यातलं ‘प्रवास’ हेच जास्त जवळचं वाटतं.

कारण तिच्या फोटोंमधलं मला जे आवडतं, त्याला इंग्रजीत ‘बोहो’ म्हणतात. सुती साडी, ढगळ ड्रेस, चांदीचे मोठे कानातले, मोकळे केस. मुद्दाम काही केलंय असं न दिसणं, ही त्यातली खरी गंमत. आता हे सगळं अंगावर घालून सकाळी ८च्या सुमाराला वसई रोडला चर्चगेट फास्टमध्ये चढून बघा. गाडी विरार आणि नालासोपाऱ्यालाच भरलेली असते. लोंबते कानातले शेजारणीच्या ओढणीत अडकतात. ढगळ बाही कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये जाते. मोकळे केस मागच्या बाईच्या तोंडात जातात आणि ती जे बोलते ते इथे लिहिता येणार नाही. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. एवढ्या अंतरात मोकळं राहणं परवडत नाही. म्हणून आमच्या डब्यात प्रत्येकीच्या डोक्यात क्लचर असतो.

दुसरी अडचण पाण्याची. कुरळ्या केसांना पाणी लागतं, तेही मऊ. आमच्या सोसायटीत निम्मं पाणी टँकरचं, बाकीचं बोअरचं. त्याने केस धुतले की त्यांची सुतळी होते. कंडिशनर नीट धुवायला अर्धी बादली जास्त लागते, आणि ती अर्धी बादली कोणाच्या वाटणीची यावर आमच्याकडे खरोखर भांडण झालेलं आहे. सहज दिसणाऱ्या केसांमागे किती पाणी असतं, ते मोजून भरणाऱ्यालाच कळतं.

हा ‘बोहो’ शब्द कुठून आला हे मी एकदा शोधलं. बोहेमिया हा आजच्या चेक प्रजासत्ताकातला प्रदेश. गावोगाव फिरणारे रोमा लोक तिथूनच आले असणार असं फ्रेंचांना वाटलं, म्हणून त्यांना ‘बोहेमियन’ म्हणू लागले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या कफल्लक कलावंतांनाही तेच नाव चिकटलं, आणि पुढे कपड्यांना. पण रोमा काही बोहेमियाचे नव्हेत. त्यांच्या भाषेच्या अभ्यासावरून त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून निघाले असं मानतात. रोमानीत नाकाला ‘नाख’ म्हणतात आणि केसांना ‘बाल’.

हे वाचून मला हसू आलं, आणि थोडा रागही. आपल्याकडच्या भटक्या माणसांवरून पडलेलं नाव युरोपभर फिरून, महाग होऊन, मॉलमधल्या लेबलवर परत आलं. लमाण बाईच्या अंगावर जे असतं त्याला गावठी म्हणतात. तेच आरसे, तीच कवडी दुकानातल्या पुतळ्यावर गेली की स्टाइल. वसईतून पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरच्या बाजारात जाणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघतेय. विटलेलं सुती लुगडं, हातभर बांगड्या, अंबाड्यात टोपलीतलंच एखादं फूल. त्यांना कुणी बोहेमियन म्हटल्याचं ऐकलं नाही.

मग मिथिलाचं कौतुक कशाला? मी स्वतःला हे विचारलंय. तिच्या कपाटातलं काही मला नवं नाही. लेडीज डब्यात पुठ्ठ्यावर टोचून विकायला येणारे ऑक्सिडाइज्डचे कानातले ५० रुपयांना मिळतात, आजीच्या सुती साड्या घरातच आहेत. तिच्याकडून मला मिळाली ती एक सोय: बोट दाखवायला कुणीतरी. पहिल्या नोकरीच्या एका मुलाखतीत मला सांगितलं गेलं होतं, ‘केस स्ट्रेट करून घ्या, क्लायंटसमोर जरा नीटनेटकं दिसतं.’ ती नोकरी मला मिळाली नाही. केसांमुळे की कशामुळे, कोण जाणे. घरी येऊन हे सांगितल्यावर आई लगेच पार्लरचा भाव विचारायला निघाली होती. मी तिला ‘मुरांबा’मधली मिथिला दाखवली, अमेय वाघसोबतची, आईचा आवडता सिनेमा. म्हटलं, हिचे केस कसे दिसतात? आई म्हणाली, ‘हिला शोभतात.’ आणि मग माझ्याकडे बघत बसली. पार्लरचा विषय त्यानंतर निघाला नाही.

प्रसिद्ध माणसाचा उपयोग कधीकधी एवढाच असतो, आणि तो पुरतो. घरातल्या माणसाला आपलं तोंड नव्याने दाखवायला तिसरं तोंड लागतं.

आता मी नोकरी करते, तीही चर्चगेटलाच. गर्दीशी माझं भांडण नाही. क्लचर घट्ट लावते, कानातले पर्समध्ये ठेवते. दादर गेलं की डबा जरा सैल होतो, बसायला जागा मिळते. तिथे कानातले घालते, क्लचर काढते आणि खिडकीच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्यावर केस सोडते. चर्चगेट यायला अजून अवकाश असतो.