चावी कुणाच्या खुंटीला?

कागदावर आमच्या वस्तीत ट्रॅक्टर कधीचाच आला होता. 2012 साली सामाजिक न्याय खात्यानं योजना काढली. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांच्या बचत गटांना मिनी ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं द्यायची. साडेतीन लाखांची मर्यादा, 90 टक्के अनुदान, 10 टक्के गटानं भरायचे. म्हणजे 35 हजार. मजुरी करणाऱ्या बायांच्या गटानं 35 हजार आणायचे कुठून, हे कागदात लिहिलेलं नव्हतं.

गावातल्या एका बागाइतदारानं ते भरले. त्याची मोसंबीची बाग. दोन ओळींतून मोठा ट्रॅक्टर जात नाही, हा बुटका बरोबर जातो. आरसी बुकावर नाव आमच्या गटाचं, चावी त्याच्या खुंटीला. पाच हंगाम वापरला. मग एके दिवशी इंजिन उकळलं, धूर पांढरा आला, बसलं ते बसलं. तेव्हा त्याला आठवण झाली की ट्रॅक्टर आमचा आहे. साखळीनं ओढत आणून लिंबाखाली सोडला. कोंबड्या सीटवर अंडी घालायला लागल्या.

तालुक्याच्या गॅरेजवाल्यानं 40 हजार सांगितले. वर, "इकडं आणून टाका, आमचा माणूस तुमच्या वस्तीत येणार नाही." का, ते त्यानं सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेलं. सर्टिफिकेट ट्रंकेत. दोन गॅरेजांत कामाला होतो, दोन्हीकडं पार्ट धुवायला ठेवला. धुवायला आपले हात चालतात. पाना हातात घेतला की मालकाच्या कपाळावर आठी. म्हणून ठरवलं, हे इंजिन इथंच, अंगणात उघडायचं.

डिपस्टिक ओढली तर ऑइल ताकासारखं. पाणी उतरलेलं. रेडिएटरच्या जाळीत धूळ आणि गवताचा भुसा असा बसलेला की उजेड आरपार दिसेना. हेड काढलं, तर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या मधे गॅस्केट जळून काळं. पाच हंगामांत कुणी जाळी झटकली नव्हती. फुकटच्या बैलाला पेंड कोण घालतंय?

काकू गटाची अध्यक्ष. अंगठा लावते, पण डोकं तल्लख. घमेल्यात डिझेल घेऊन एकेक बोल्ट धुवायला बसली. मी म्हणलं, "काकू, कनेक्टिंग रॉडच्या टोप्या एकमेकींत मिसळायच्या नाहीत. जिची तिलाच बसली पाहिजे." ती म्हणाली, "आरं, मंग दोरं बांधू की." पहिल्याला निळा, दुसऱ्याला पांढरा, तिसऱ्याला पिवळा. आयटीआयच्या सरांना हे सुचलं नव्हतं.

हेड वाकलं होतं. लेथवाल्याकडून घासून सपाट करून आणलं. व्हॉल्व्ह पेस्ट लावून हातानं घासले. नव्या रिंगा घातल्या. रिंगांची तोंडं एका रेषेत ठेवायची नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. हेडचे बोल्ट मधून सुरुवात करून कडेला जात आवळायचे, तेही एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. टॉर्क पाना एका दोस्ताकडून उसना आणला. वस्तीतली पोरं भोवती उकिडवी बसलेली. प्रत्येकाला एक बोल्ट आवळू दिला.

गंमत बघा. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. कारण काय, तर कांडीचा धागा तोंडानं ओढून धोट्यातून काढावा लागे. जास्त पगार त्याच खात्यात. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढं आणला. धाग्याला विटाळ होता, पाण्यासारखाच. 1918 च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात त्यांनी लिहिलं की जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, तो कसायला भांडवल आणि अवजारं किती आहेत त्यावर ठरतं. आमच्या वस्तीतल्या एकर-दीड एकरवाल्यांनी तो निबंध वाचलेला नाही. पण भाड्याचा ट्रॅक्टर पेरणीच्या वेळी शेवटी त्यांच्याकडं येतो आणि तोवर ओल उडालेली असते, हे त्यांना पाठ आहे.

शेवटी पंपाचा स्क्रू सैल करून हवा काढली. बुडबुडे संपून डिझेलची सलग धार आली तेव्हा स्क्रू आवळला. तिसऱ्या सेल्फला इंजिन धरलं. आधी काळा धूर, मग साफ. पोरांनी जयभीमचा असा पुकारा केला की कोंबड्या पार कुंपणाबाहेर.

आवाज गावात गेलाच. संध्याकाळी बागाइतदार हजर. "झाला का चालू? बरं झालं. दोन दिवस बागेला लागंल. माझे 35 हजार हायेत त्यात."

काकू घमेलं घासत होती. मान वर केली नाही. नातीला म्हणाली, "वही आण गं." वहीत पाच हंगामांचे दिवस, दिवसाचे तास, तासाचा भाडेदर. नातीनं सगळं मोठ्यानं वाचलं. त्यातून 35 हजार वजा केले. बाकी त्याच्याकडंच निघाली.

तो म्हणाला, "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

काकू म्हणाली, "पुढच्या सोमवारी मोकळा हाय ट्रॅक्टर. तासाचा दर पोरगी सांगंल. आधीची बाकी आणून द्या, मंग बोलू." तो निघून गेला. अजून आलेला नाही. चावी काकूच्या कंबरेला आहे.