अडलेल्या चाकाचा हिशेब

दूरनियंत्रित ‘रॉक क्रॉलर’ गाडीचे मोल वेगात नसते, दगड चढण्यात असते. रविवारी चिरंजीवांबरोबर वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीत ती चालवताना बॅटरीचा प्रश्न हमखास येतो. ५००० मिलिअँपिअर-अवरची बॅटरी सरासरी ५ अँपिअर प्रवाह दिल्यास तासभर पुरावी, असे गणित सांगते. म्हणून मोठी बॅटरी घ्यावीशी वाटते. पण तिचे वजनही गाडीलाच वाहावे लागते.

खरी उधळपट्टी निराळीच आहे. चाक दगडात अडून मोटर जागीच थांबली, की ती सर्वाधिक प्रवाह ओढते आणि त्याची निव्वळ उष्णता होते. मोटरवरचे दातेरी चाक लहान बसवले, तर वेग घटतो. पण तीच चढण कमी प्रवाहात पार होते. लिथियम-पॉलिमर बॅटरी मात्र पार रिकामी करू नये. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला, की त्याला कायमची इजा होऊ शकते.

गाडी अडली, की चिरंजीव आता जोर लावत नाहीत. मागे येऊन वाट बदलतात. अवघड कवितेपाशी अडलेल्या विद्यार्थ्याला मी तरी याहून वेगळे काय सांगतो? बारावीतल्या मुलाबरोबर आठवड्यातून मिळणारा हा एकच तास; तो चाळीस मिनिटांत संपू नये, एवढाच यातला माझा स्वार्थ.