आधी अज्ञानाचा शोध, मग पद्धतीची निवड

सॉफ्टवेअर प्रकल्प हाती घेताना कोणती कार्यपद्धती वापरावी, याची चर्चा बहुधा पद्धतींच्या नावांपासून सुरू होते. वास्तविक ती प्रकल्पात नेमके काय अद्याप ठाऊक नाही आणि ते उशिरा कळल्यास किती महागात पडेल, या प्रश्नापासून सुरू व्हायला हवी.

गरजा निश्चित करणे, आराखडा, कोडिंग आणि चाचणी हे टप्पे क्रमाने एकेक पूर्ण करत जाणाऱ्या पद्धतीला वॉटरफॉल म्हणतात, आणि तिचे जनकत्व विन्स्टन रॉईस यांना दिले जाते. अवकाशयानांच्या सॉफ्टवेअरवर काम केलेल्या रॉईस यांनी १९७० च्या निबंधात हा क्रम आकृतीने दाखवला खरा, पण तो तसाच राबवणे धोक्याचे असल्याचेही तिथेच बजावले. त्यांनी दिलेले कारण आजही विचारात घेण्याजोगे आहे: वेग, स्मृतीचा वापर, माहितीची देवघेव या गोष्टींचा तोवर कागदावर केवळ अंदाज बांधलेला असतो, त्यांचा प्रत्यक्ष अनुभव शेवटच्या चाचणीतच येतो, आणि तिथे अंदाज चुकला तर थेट आराखड्यापर्यंत, प्रसंगी मूळ गरजांपर्यंत मागे जावे लागते. म्हणून तीस महिन्यांच्या कामात सुमारे दहा महिने एक छोटी प्रायोगिक आवृत्ती बांधण्यात घालवावेत, असे त्यांनी सुचवले. हा सल्ला मागे पडून केवळ आकृती रूढ झाली, ही या व्यवसायाची मोठी हानी होय.

बॅरी बोहम यांनी १९८० च्या दशकात मांडलेल्या स्पायरल पद्धतीत हाच विचार केंद्रस्थानी आला. प्रत्येक फेरीत सर्वांत मोठी जोखीम ओळखायची, ती प्रयोगाने कमी करायची आणि मगच पुढची फेरी आखायची. २००१ मध्ये सतरा जणांनी युटामधील स्नोबर्ड येथे तयार केलेल्या जाहीरनाम्यातून मांडलेली ॲजाइल विचारसरणी चालते सॉफ्टवेअर वरचेवर वापरकर्त्यापुढे ठेवण्यावर भर देते, त्यामुळे ग्राहकालाच आपली गरज नीट उमगलेली नसते तिथे ती विशेष उपयोगी पडते. याउलट रेल्वे सिग्नलसारख्या कामात चूक जिवावर बेतू शकते, तेव्हा प्रत्येक गरजेचा चाचणीपर्यंतचा लेखी माग ठेवणे अपरिहार्य ठरते. मात्र त्याच प्रकल्पातील नियंत्रकाचा पडदा कसा दिसावा हे नमुने दाखवून, बदलून ठरवणेच शहाणपणाचे असते, म्हणजे एका प्रकल्पाला एकच पद्धत हवी हा आग्रहही टिकत नाही.

मात्र ही निवड पुष्कळदा अभियंत्यांच्या आधी करारच करून टाकतो. गरजांची यादी आणि किंमत पहिल्याच दिवशी गोठवलेली असेल, तर दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट, म्हणजे कामाचा छोटा ठरावीक कालखंड, पार पडूनही ग्राहकाच्या अभिप्रायाला काही बदलण्याची मुभा उरत नाही. अशा वेळी प्रायोगिक टप्प्याचा स्वतंत्र करार करून त्याचे पैसे वेगळे ठरवणे आणि मुख्य कामाची किंमत त्यानंतरच मांडणे हे दोन्ही पक्षांच्या हिताचे असते.