देवडीवरचा माणूस

जुन्या वाड्यांत देवडीवर एक माणूस बसलेला असे. आलेला पाहुणा कोण, त्याचें काम काय, हें तो बाहेरच्या बाहेर विचारून घेई आणि निरोप तेवढा आंत पोंचवी. पाहुण्याचें पाऊल माजघरांत पडत नसे; परंतु त्याच्या निरोपानें घरांतील सारा दिनक्रम बदलून जाई. आपल्या देहांतील प्रत्येक पेशी असाच एक वाडा आहे. तिच्या आवरणांत आरपार रोवलेलीं कांहीं प्रथिनें असतात; त्यांचें एक टोंक बाहेर, दुसरें आंत. त्यांस ग्राही प्रथिनें म्हणतात. बाहेरून आलेलें द्रव्य बाहेरच्या टोंकास चिकटतें, आणि पेशीनें वाढावें, थांबावें, कीं मरावें, याचा निरोप आंतल्या टोंकाकडून आंत जातो.

१९६२ सालीं अमेरिकेंतील स्टॅन्ले कोहेन यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदराच्या लाळग्रंथींतून काढलेलें एक द्रव्य त्यांनीं नुकत्याच जन्मलेल्या पिलांस टोंचलें, तेव्हां त्यांचे डोळे नेमल्या वेळेआधींच उघडले. पेशींस वाढीचा हुकूम देणारें तें द्रव्य होतें. तो हुकूम स्वीकारणारें ग्राही पुढें सांपडलें, आणि १९८६ सालीं कोहेन यांस रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच ग्राहीच्या कुळांतील दुसरें एक म्हणजे हर-टू. त्याची तऱ्हा कांहीं और आहे. त्याच्याकडे स्वतःचा असा पाहुणा येत असल्याचें आढळलेलें नाहीं. शेजारच्या देवडीवाल्यास पाहुणा भेटला म्हणजे हें त्याचा हात धरतें आणि दोघे मिळून निरोप आंत देतात.

निरोगी पेशीवर हर-टूची संख्या कांहीं हजारांच्या घरांत असते. स्तनाचा कर्करोग झालेल्या शेंकडा १५ ते २० रुग्णांत त्याच्या जनुकाच्या प्रती फार वाढतात, आणि मग पेशीवरील ग्राहींची संख्या दहा लाखांवरही जाऊं शकते. एवढी दाटी झाल्यावर पाहुण्याची वाट कोण पाहतो! तीं एकमेकांचेच हात धरतात आणि 'वाढा, वाढा' असा घोष चालूं ठेवतात. अशा रुग्णांचा रोग अधिक त्वरेनें उलटतो, हें १९८७ सालीं लॉस एंजेलिसचे डेनिस स्लेमन व त्यांचे सहकारी यांनीं दाखवून दिलें. १९९८ सालीं या ग्राहीस बाहेरून अडविणारें ट्रॅस्टुझुमॅब हें प्रतिपिंड अमेरिकेंत औषध म्हणून मान्य झालें, आणि पुष्कळांचें आयुष्य त्यानें वाढविलें.

आमच्या वहिनींस हेंच औषध चालूं होतें. दर तीन महिन्यांनीं त्यांच्या हृदयाची तपासणी होई. एके दिवशीं त्या म्हणाल्या, "भावोजी, गांठ एकीकडे, मग हीं माणसें माझ्या काळजाच्या मागें कां लागलीं आहेत?"

प्रश्न मार्मिक होता. त्याचें उत्तर उंदरांच्या गर्भांत आहे. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत, ज्या उंदरांतून हर-टूचें जनुक काढून टाकलें होतें ते जन्मासच आले नाहींत. हृदयाच्या आंतील स्नायूंची घडण नीट न झाल्यामुळें ते गर्भांतच दगावले. वाढ पुरी झालेल्या हृदयासही ताण सोसण्यासाठीं हेंच ग्राही लागतें. त्यामुळें त्यास अडविणारें औषध कांहीं जणींच्या हृदयास दुबळें करतें. २००१ सालच्या एका चांचणींत अँथ्रासायक्लिन जातीच्या औषधाबरोबर तें दिलें असतां शेंकडा २७ जणींच्या हृदयावर परिणाम दिसला. तें न देतां हा आंकडा ८ होता. सुदैवानें, वेळींच ओळखून औषध थांबविलें तर हृदय बहुधा सांवरतें.

हें सारें आम्हीं वहिनींस सांगितलें. त्या क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे ज्यानें घडवलें तोच खायला उठला म्हणा कीं! मग त्याला मारून कसें चालेल? धाकांत ठेवायचें."

रोगास शत्रु आणि उपचारास युद्ध म्हणण्याची आपली संवय जुनी आहे. जंतूंच्या बाबतींत ती शोभतेही. येथें मात्र परका असा कोणीच नाहीं. गर्भांत हृदय घडविणारा निरोप आणि गांठ वाढविणारा निरोप एकाच देवडीवरून जातो. बिघडतें तें प्रमाण. शत्रूचा निःपात करतां येतो. घरच्यास आवरावें लागतें, आणि आवरतांना घराकडेही लक्ष ठेवावें लागतें. म्हणून ज्यांच्या घरीं हें औषध चालूं असेल त्यांनीं हृदयाची ती तपासणी, प्रकृति ठीक वाटत असली तरीही, चुकवूं नये.