भिंत सरळ की जमीन तिरकी?

दोस्तांनो, रत्नागिरीकडे कधी गेलात, तर बागांभोवतीच्या भिंती जरा थांबून बघा बरं का! कुठे नुसते धोंडे रचलेले गडगे, तर कुठे तासलेल्या तांबड्या चिऱ्यांच्या भिंती. चिरा म्हणजे जांभा दगड. खाणीत तो मऊ असतो, हवा लागली की टणक होतो.

पण कोकणातली जमीन म्हणजे चढ, नाहीतर उतार! उतारावर नुसत्या नजरेवर भरवसा ठेवाल, तर हमखास फसाल. भिंत थोडी जरी कलली, तरी तिचा भार एका अंगाला जातो. पावसाळ्यात मागची माती भिजून जड झाली, की अशी भिंत आधी ढासळते. म्हणून गवंडीदादा पिशवीतून आपली हत्यारं काढतात.

पहिला ओळंबा. दोरीला बांधलेलं वजन. ते नेहमी सरळ खालीच ओढलं जातं, त्यामुळे भिंत उभी सरळ आहे का, ते लगेच कळतं. फक्त वाऱ्यात तो डोलतो. स्थिर होईपर्यंत दम धरायचा.

थर आडवा सपाट आहे का, हे स्पिरिट लेव्हलमधला बुडबुडा सांगतो. दोन-चार चिऱ्यांपुरती ती झकास! पण ६० सेंटिमीटरच्या लेव्हलने दर वेळी एकाच बाजूला १ मिलिमीटर चूक केली, तर १२ मीटरच्या भिंतीत ती २० मिलिमीटर होते!

लांब भिंतीला पारदर्शक नळीच बरी. तिच्यात पाणी भरलं, की दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. मध्ये आंब्याचं झाड येवो, नाहीतर कोपरा! नळीत हवेचा बुडबुडा मात्र राहता कामा नये.

आणि आता आलाय लेसर. एक बटण दाबलं, की सरळ रेघ हजर! एकटा माणूस काम करू शकतो. पण भर उन्हात ती रेघ फिकी पडते, आणि यंत्र कुठे आपटलं तर त्याच्यावर विश्वास ठेवता येत नाही. मग ते बरोबर आहे का, हे पाहायचं कशानं? अहो, त्याच पाण्याच्या नळीनं!

तेव्हा जुनं की नवं, असं भांडत बसू नका. उभ्यासाठी ओळंबा, लांबवर आडव्यासाठी नळी, जवळच्यासाठी लेव्हल, आणि ऊन उतरल्यावर लेसर. नळीत रंगीत पाणी भरून तुमच्या अंगणाचा उतार मोजून तर बघा!